आमच्या भित्र्या मोत्याला आवारात कसे ठेवले



"कुत्रा हा इमानी प्राणी आहे, तो घराची राखण करतो," असे आपण सगळेच निबंधात लिहितो. मीही चौथीपासून तेच लिहीत आलो. पण आमचा मोत्या राखण करत नाही. तो भितो. फटाका वाजला, आभाळ गरजले, वरातीतला डीजे रस्त्याने गेला, की तो थरथर कापतो आणि दिसेल त्या वाटेने पळतो. त्याला घरामागच्या सांदवाडीत सुखरूप कसे ठेवायचे हे कळायला आम्हाला एक वर्ष लागले. त्या वर्षात तो एकदा मरता मरता वाचला.

आमचे गाव दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. सांदवाडीला दोन बाजूंनी मातीची भिंत, तिसऱ्या बाजूला तुराट्यांचा कूड आणि चौथ्या बाजूला बाभळीच्या काट्यांचे कुंपण. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीतल्या पोट्ट्यांनी सुतळी बॉम्ब लावला (त्यात मीही होतो, खोटे कशाला लिहू) आणि मोत्या तुराट्या फाडून पळाला. तिसऱ्या दिवशी तो नाल्याच्या पुलाखाली सापडला. पायाची दोन नखे तुटली होती.

मग बाबांनी बाजारातून जाड साखळी आणली आणि त्याला भिंतीजवळच्या खुंट्याला बांधले. "आता जाय म्हणा कुठी जातं तं!" असे ते म्हणाले. आम्हाला वाटले, काम झाले.

पुढे मृग लागला. पहिल्याच गडगडाटाला मोत्या भिंतीजवळ रचलेल्या सरपणावर चढला आणि त्याने भिंतीपलीकडे उडी मारली. साखळी अपुरी पडली. तो पलीकडच्या बाजूला गळ्यातल्या पट्ट्यावर लटकला. ओरडायलाही त्याला येईना. भिंतीवर नखे घासल्याचा आवाज आजीला आला म्हणून बरे. "अवो, धावा ना, कुत्रं टांगलं!" आबाजींनी पावसातच मागून जाऊन त्याला खालून उचलून धरले आणि मी आतून साखळीची कडी काढली. त्याची जीभ निळी पडली होती. बऱ्याच वेळाने त्याने श्वास ओढला. त्या रात्री बाबा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याला ढोरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधी आम्हालाच विचारले, "तो पळतो तेव्हा कुठे जातो? कधी पाहिलं का?" आम्ही पाहिलेच नव्हते. सरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग लिहून ठेव. हाच तुझा प्रकल्प." मी वहीत तीन रकाने आखले: कोणता आवाज, मोत्याने काय केले, कुठे गेला. पावसाळाभर नोंदी केल्या.

त्या करताना कळले की विजेची चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की वीज साधारण किती किलोमीटरवर पडली ते निघते, कारण आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. आमचे मोजणे सुरू होण्याच्या आधीच मोत्याचे कान उभे असत. माणसाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचा, असे सरांनी सांगितले. दूरचा हलका आवाजही तो आपल्याआधी टिपतो. आपल्याला "काहीच तं नाही" वाटते तेव्हा त्याला बरेच काही ऐकू येत असते.

पण खरी गोष्ट तिसऱ्या रकान्यात सापडली. जवळजवळ प्रत्येक वेळी मोत्या आधी कुटाराच्या खोलीच्या दाराशी गेला होता. ते दार आम्ही नेहमी कडी लावून ठेवायचो. दार उघडत नाही असे पाहून मगच तो कुंपणाकडे धावायचा. म्हणजे त्याला घर सोडायचे नव्हतेच. त्याला लपायला जागा पाहिजे होती आणि ती घरातच होती.

आम्ही त्या दाराची कडी काढली. कुटाराचा ढीग आवाज शोषतो, आत अंधार असतो, म्हणून ती जागा त्याला पसंत असावी. कोपऱ्यात पोते टाकले आणि पाण्याचे भांडे ठेवले. दिवाळीत कुटारावर ठिणगी पडायची धास्ती असते, म्हणून खिडकीला पत्रा ठोकला आणि बाहेर पाण्याचा ड्रम भरून ठेवला.

कुंपणही दुरुस्त केले, कारण भेदरलेला कुत्रा दरवेळी शहाणपणाने वागेलच असे नाही. सरपण भिंतीपासून दूर हलवले. तुराट्यांच्या कुडाला आतून तारेची जाळी लावली आणि तिची खालची कड वीतभर जमिनीत गाडून वर दगड रचले. आपल्याकडची काळी माती फसवी आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, आणि लाकडी डांब दोन्ही वेळा हलतात. म्हणून डांबाच्या खड्ड्यात मातीऐवजी मुरूम आणि दगड ठोकून भरले. फाटकाची कडी मोत्या नाकाने उचलायचा. आता तिच्यात खिट्टी घालतो.

साखळी बाबांनी कोठ्यात टांगून ठेवली आहे. बांधायचीच वेळ आली तर भिंत, सरपण, विहीर यांपासून दूर आणि समोर कोणी असतानाच बांधावे, असे डॉक्टरांनी बजावले. सर म्हणाले, हे कायद्यातही आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे जनावर फार आखूड किंवा जड साखळीने वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवून न आणणे हासुद्धा. माझ्या मामांचे गाव परतवाड्याच्या पुढे, मेळघाटच्या पायथ्याशी. तिकडे रात्री अंगणात कुत्रा बांधला तर बिबट्याला आयताच घास मिळतो. नगरकडच्या अकोले तालुक्यात (आपले अकोला नव्हे) शास्त्रज्ञांनी बिबट्याची विष्ठा तपासली. २०१४ साली छापलेल्या त्या अभ्यासात वजनाच्या हिशेबाने त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचाच निघाला.

उन्हाचेही पाहावे लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. म्हणून नुसत्या पत्र्याखाली त्याला कोंडू नये. मोत्या दुपारी निंबाखाली रांजणाच्या ओलीत झोपतो.

मित्रांनो, भ्यालेल्या कुत्र्याला ओढू नका, मारू नका. मी एकदा त्याला काठी दाखवली तेव्हा आबाजी रागावले, "त्याले मारू नको बापा, थो आधीच भेला हाये." भ्यालेला कुत्रा चावतोही. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ पासून लस दिली आणि तो वाचला. चावा बसला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जा. मिरची, चुना काही लावू नका. मोत्याला तीन महिन्यांचा झाल्यावर लस दिली होती, आता दरवर्षी देतो.

या दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या आधी, संध्याकाळीच त्याला फिरवून आणले आणि खाऊ घातले. पहिला बार झाला तसा तो कुटाराच्या खोलीत शिरला. मी दाराशी बाज टाकून बसलो. तो आत कापत होता, पण बाहेर आला नाही. सकाळी आजीने भाकरीचा तुकडा दाखवला तेव्हा अंगभर कुटार घेऊन आला आणि अंगणात अंग झटकून मोकळा झाला. अंगण आजीने नुकतेच सारवले होते.

न्हाणीच्या मोरीजवळ एक भोक अजून उरले आहे. ते रविवारी मुरूम आणला की बुजवू.