ध्येयाची मुदत



मी बँकेत लिपिक आहे. काउंटरवर बसून एक गोष्ट वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून पाच वर्षांची आवर्त ठेव सुरू होते आणि दीड-दोन वर्षांत मोडली जाते. कधी पुतणीचे लग्न, कधी घराची डागडुजी, कधी मोटारसायकल. कारणे खोटी नसतात. पण मुदतीपूर्वी ठेव मोडली की व्याज कमी मिळते आणि मूळ हेतू बाजूलाच राहतो. अभ्यासाचेही असेच होते.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातून लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्र व बॅरिस्टरी असे दोन्ही अभ्यास त्यांनी सुरू केले. परंतु बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केले. चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुढे चालू करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. ध्येय त्यांनी मुदतीला बांधले.

पुढे बडोद्यात जातीमुळे राहायला जागा मिळेना. नोकरी सोडावी लागली. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये, म्हणजे त्या काळी भरपूर. तरी संसार परळच्या चाळीतच राहिला. माता रमाईंनी काटकसर केली आणि लंडनसाठी बचत होत गेली.

आता १९२० हे साल पाहा. ३१ जानेवारीला ‘मूकनायक’ निघाले. मार्चमध्ये माणगाव परिषद झाली, मेअखेरीस नागपूरची परिषद भरली. समाज त्यांच्याकडे आशेने पाहू लागला होता. ‘आता थांबा, काम वाढले आहे’ असे म्हणायला पुरेसे निमित्त होते. परंतु मार्चमध्येच त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला होता. जुलैमध्ये पत्राची व्यवस्था सहकाऱ्यांच्या हाती ठेवून ते लंडनला निघाले. स्वतःची बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज एवढीच शिदोरी होती. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली, बॅरिस्टरीही पूर्ण झाली. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी फेरफारासाठी परत केला, तेव्हा मुंबईत बसून त्यांनी तो दुरुस्त करून पाठविला. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली.

यातून मला एक गोष्ट उमगली. आपण मोबाईल आणि क्रिकेटला नावे ठेवतो, पण अभ्यास मोडतो तो बहुधा चांगल्या कामांनी. मी स्वतः बढतीच्या परीक्षेचा फॉर्म दोनदा भरला. दोन्ही वेळा जयंतीची पावतीपुस्तके, वर्गणी, मंडप यांत गुंतलो आणि परीक्षेला बसलोच नाही. लोकांनी कौतुक केले, म्हणून चूक उशिरा कळली. दोष कोणाचा नाही, माझाच.

तेव्हा समाजकार्य सोडा असे मी म्हणत नाही. बाबासाहेबांनीही ते सोडले नाही. परत आल्यावर १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. पण मुदत चालू असताना हातातले काम दुसऱ्यावर सोपविण्याची तयारी त्यांच्याजवळ होती. धम्मपदात अप्रमादाला स्वतंत्र वर्ग दिला आहे. अप्रमाद म्हणजे गाफील न राहणे, आणि कौतुकाच्या वेळी माणूस सर्वांत गाफील असतो.

दौंडहून रोज रेल्वेने पुण्याला जाणाऱ्या आणि शिरूरहून एस.टी.ने कॉलेज गाठणाऱ्या मुलामुलींनी एवढे करावे. आपले ध्येय व त्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. आवर्त ठेवीच्या हप्त्यासारखा रोजचा एक तास आधी भरावा, मग इतर कामे. एखादा हप्ता चुकला तर पुढचा भरावा. खाते बंद करू नये.

आणि आम्ही वडीलधाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्याच्या हाती पावतीपुस्तक देऊ नये. वर्गणी आम्ही गोळा करू.

जय भीम!