गुण द्यायचे ते वसुलीवर

पोरी, अभ्यास मंडळावर गेलीस, उद्योजकतेचा अभ्यासक्रम आखायचा म्हणतेस. चिखल्याच्या खाणीभोवती आयुष्य गेलेल्या म्हाताऱ्याच्या चार गोष्टी ध्यानात ठेव.

वेळापत्रक धानाला विचारून कर. रोवणीत आपली पोरं धानाच्या बांधीत असतात, तेव्हा प्रकल्प देऊ नको. धान विकून घरोघरी पैसा आला, की त्यांना विक्रीला धाड. मोहफूल मार्च-एप्रिलात पडतं. त्याचा धंदा शिकवायचा तर परीक्षा तेव्हाच लावून बसू नको.

प्रकल्प अहवाल शेवटी लिहून घे, आधी गिऱ्हाईक शोधायला लाव. दहा दुकानं फिरून आलेला पोरगा जे लिहील, ते खरं असेल.

मँगनीजची खाण दिसली की इथं सगळ्यांना नोकरीच दिसते. तू त्यांना खरेदी दाखव. ही खाण चालवणारी मॉइल केंद्र सरकारची कंपनी. अशा कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला 25 टक्के माल-सेवा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावी, त्यातही 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून, असं सरकारी धोरण आहे. म्हणून उद्यम नोंदणी, सरकारी खरेदीचं जेम पोर्टल, निविदा हे सगळं पोरांच्या हातून करून घे. एवढं मात्र बजावून सांग की ही सवलत माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसता माल फिरवणाऱ्याला नाही.

धंदा बुडतो तो बहुतेक उधारीत. नोंदणी केलेल्या लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत फेडावं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावं, असं 2006 चा कायदा सांगतो. पण माल पोचल्याची सही नसेल तर भांडणार कशाच्या जोरावर? पोच, चलन, बिलाची तारीख यांवर एक आख्खं प्रकरण ठेव. निम्मे गुण वसुलीनंतरच दे. तोटा झाला पण वही खरी ठेवली, तर पास कर.

तोंडी परीक्षेला प्राध्यापकाशेजारी तुमसरचा एखादा राईस मिलवाला बसव.

मंडळात कोणी म्हणेल, हे विद्यापीठाचं काम नव्हे. त्याला कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांचं नाव सांग. ते खाणमालक. 1930 साली गेले, तेव्हा आपली संपत्ती उद्योगाला उपयोगी पडेल असं विज्ञान शिकवण्यासाठी नागपूर विद्यापीठाला देऊन गेले. 1942 ची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एलआयटी, त्यातूनच उभी राहिली. एवढं सांगून झालं की गुणांचा तक्ता पुढे सरकव आणि वसुलीचा रकाना कोणाला खोडू देऊ नको.