डिसेंबरात कुमाऊँला जा, पण उजेडाचा हिशेब करून

अगं, मे महिन्याचा हट्ट सोड. मुलांच्या सुट्ट्यांनी आता तुला बांधून ठेवलेलं नाही, रजा डिसेंबरातही मिळते. मग सगळा महाराष्ट्र हिमालयाकडे लोटतो तेव्हाच तू कशाला निघतेस? तुला चालायचंय ना? शिखर-बिखर सर करायचं नाही, पाठीवर लहान सॅक घेऊन रोज चार-पाच तास डोंगरातून हिंडायचंय, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी गरम जेवायचंय. मग कुमाऊँमधला अल्मोडा, बिनसर, जागेश्वर हा टापू धर. आणि दिवाळी उरकली की, नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या वीस तारखेपर्यंत जा. पुढे नाताळ आणि नववर्षाची गर्दी चढते, भाव चढतात, आणि ज्या शांततेसाठी एवढ्या लांब गेलीस तीच हातची जाते.

मे-जूनमध्ये तिथे काय होतं ते सांगते. चीडच्या (म्हणजे पाइनच्या) जंगलात वाळक्या सुयांचा थर साचलेला असतो आणि वणवे पेटतात. 2024 च्या जूनमध्ये बिनसरच्या जंगलात आग विझवायला गेलेल्या वनकर्मचाऱ्यांचा त्यात जीव गेला. वणवा जवळ नसला तरी धुरकट हवेत बर्फाची शिखरं दिसेनाशी होतात. लोक आठवडाभर राहतात आणि नंदादेवी न बघता परततात. मग पावसाळा, दरडी. ऑक्टोबर देखणा, पण दुर्गापूजेच्या सुट्टीतली बंगाली कुटुंबं आणि दिवाळीतले आपण, सगळे एकाच वेळी तिथे. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र हवा कोरडी आणि लख्ख असते. बिनसरच्या झिरो पॉइंटवर उभी राहिलीस की त्रिशूळ, नंदादेवी, नंदाकोट, पंचाचूली अशी ओळच्या ओळ समोर येते. नंदादेवी 7,816 मीटर उंच आहे आणि तू जेमतेम अडीच हजारांवर, स्वेटरमध्ये. श्वास लागत नाही, डोकं चढत नाही. हिमालय पहिल्यांदा पायी बघणाऱ्या बाईला याहून सोयीची जागा मी तरी सांगू शकणार नाही.

आता नीट ऐक, कारण सगळा बेत या एका गोष्टीवर उभा राहतो. डिसेंबरात तिथे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सव्वापाच-साडेपाचला मावळतो. आपल्याकडे सहापर्यंत ऊन रेंगाळतं, त्या सवयीने तू चालशील आणि जंगलात अंधार होईल. त्यात दरीच्या बाजूला ऊन उशिरा येतं, लवकर निघून जातं. म्हणून आज किती किलोमीटर जायचं हे आधी ठरवू नकोस. दुपारी साडेतीनला मुक्कामी पोचायचं, हे ठरव. तिथून मागे मोज. नऊ-साडेनऊला निघायचं, मधे तासभर उन्हात डबा खाऊन पाय पसरायचे, म्हणजे चालायला पाच तास उरतात. चढ-उताराच्या वाटेवर तुझ्या-माझ्यासारखीचे पाच तासांत दहा किलोमीटर झाले तर खूप झाले. कुणी पंधरा-सोळांचा टप्पा सुचवला तर सरळ नाही म्हण. आणि हा साडेतीनचा नेम मोडायचा नाही, कितीही छान वाटत असलं तरी. बिनसर अभयारण्य आहे, बिबट्यांचा वावर खराखुरा आहे. गावातल्या बाया दिवसाउजेडी रानात जातात आणि संध्याकाळी घरात असतात. आपणही त्यांचंच वेळापत्रक पाळायचं.

सकाळी फार लवकर निघायची घाईही नको. रात्री दहिवर गोठतं आणि सावलीतल्या वाटेवर, डांबरी रस्त्यावरही, काचेसारखा पापुद्रा धरतो. तो उन्हाने सुटू दे. चीडच्या सुयांचंही तसंच. दिसायला मऊ तांबूस गालिचा, पण उतारावर त्यावर टाच टेकवलीस की पाय थेट पुढे जातो. तिथे पाऊल आडवं टाकायचं, गुडघे किंचित वाकवायचे आणि काठी आधी रोवायची. बूट नवे घेतलेस तर आत्तापासून रोज घालून हिंड. सराव म्हणून आठवड्यातून दोनदा पर्वती किंवा सिंहगड चढ, आणि उतरताना घाई करू नकोस. चढण दमवते एवढंच, गुडघे दुखतात ते उतरणीने.

राहायला मोठं हॉटेल बघू नकोस. या दिवसांत तिथे तू आणि तुझी सोबतीण, दोघीच पाहुण्या असाल, लांबलचक रिकामे मजले, आणि रात्री खाली एक पोरगा. स्वस्त पडेल, पण झोप लागणार नाही. कुटुंब राहतं असं घर शोध. बिनसरच्या आत आणि आसपासच्या गावांत अशी घरं आहेत. पैसे भरण्याआधी स्वतः फोन कर आणि चार गोष्टी स्पष्ट विचार. त्या तारखांना घरी कोण आहे? (डिसेंबरच्या मध्यापर्यंत तिकडे लग्नसराई असते, सगळं घर वऱ्हाडात गेलेलं असू शकतं.) जेवण कोण करणार? नळ गोठतात का, गरम पाणी बादलीने मिळेल की नळाला? संडास घरात आहे की अंगणापलीकडे? हे विचारायला लाजायचं नाही. मध्यरात्री शून्याजवळच्या थंडीत अंगण ओलांडायचं असेल तर ते तुला इथे बसूनच माहीत हवं.

आणि रात्री उठावं लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नकोस, बाई. आपण सगळ्याजणी प्रवासात हेच करतो. थंडीत तहान लागत नाही, वर आडोशाची पंचाईत, म्हणून दिवसभर बाटली भरलेलीच राहते आणि रात्री डोकं ठणकतं. थर्मासमध्ये कोमट पाणी घे आणि थांबशील तिथे दोन घोट पी. पाळीची तारीख लांब असली तरी सामान बरोबर ठेव. तिकडच्या गावात लागलीच दुकान सापडेल असं धरून चालू नकोस.

सुती बनियन आणि जीन्स घरी ठेव. घामाने ओलं झालेलं सुती कापड तिथे वाळत नाही, पाठ गारठवतं. आत थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी आणि पायमोज्यांचे जास्तीचे जोड एवढं पुरे. गरम पाण्याची रबरी पिशवी मात्र न्यायचीच. खोल्या तापवलेल्या नसतात, अंथरूण बर्फ झालेलं असतं, जेवायला जाताना ती रजईत सरकवून ठेवायची.

जेवणाचं काही विचारू नकोस. थंडीत तिथे मडुव्याची रोटी करतात, म्हणजे आपली नाचणीच. आणि गहतची डाळ, म्हणजे कुळीथ! चुलीपाशी बसवून घरची बाई तव्यावरची काळसर रोटी निखाऱ्यावर उभी करते, ती टम्म फुगते, मग वर तूप आणि बाजूला गुळाचा खडा. कोकणातल्या माणसाला डोळे मिटून ओळखू येईल असा घास, हजार मैल उत्तरेला. सीझनमध्ये गेलीस तर तुझ्यापुढे पनीर आणि नूडल्स येतील, कारण गर्दीत तेच झटपट होतं. डिसेंबरात त्यांना उसंत असते.

दराची घासाघीस मात्र करू नकोस. ऑफ सीझनचा दर आधीच उतरवलेला असतो, आणि तुम्हा दोघींसाठी ते चूल पेटती ठेवतात, लाकडं फोडतात, लांबून पाणी आणतात. वाटाड्याही गावातलाच घे, वाट सोपी वाटली तरी. बांज (ओक) आणि बुरांसच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) जंगलात गुरांच्या वाटा माणसांच्या वाटांत इतक्या मिसळतात की नकाशाचा उपयोग होत नाही आणि रेंज गेलेली असते. शिवाय कुठल्या वळणावर पाला सळसळला तर थांबायचं, हे त्याला कळतं.

जागेश्वरला एक तरी रात्र ठेव. देवदारांच्या गर्द दरीत दगडी देवळांचा मेळा आहे, नागेश ज्योतिर्लिंग आपलंच असं तिथले लोक मानतात. आपल्या औंढ्याच्या नागनाथाचा दावा माहीतच आहे तुला, त्यावर तिथल्या पुजाऱ्यांशी छान गप्पा होतात. दरी खोल असल्याने थंडी बिनसरहून जास्त बोचते. सकाळी वृद्ध जागेश्वरची चढण चढ, वर ऊन मिळतं आणि पुन्हा शिखरं दिसतात.

प्रवास सोपा आहे. दिल्लीहून काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढे अल्मोडा साधारण नव्वद किलोमीटर, शेअर टॅक्सी मिळते. पण घाटातला प्रवासही उजेडातच संपव. आणि परतताना दिल्लीत एक अख्खा दिवस मोकळा सोड. डिसेंबरात खालच्या मैदानात धुकं उतरतं आणि गाड्या तासन्‌तास रखडतात. पहाटे पोचणारी गाडी धरून त्याच सकाळचं विमान काढू नकोस, दुसऱ्या दिवशी दुपारचं काढ. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.