खंजिरी निघाली परदेशाला



आपल्या गावात भजनी मंडळ असते. एकादशीला मंडळी जमतात, सप्ताहात जमतात. एक जण चाल धरतो. बाकीचे त्याच्या मागे म्हणतात. टाळ वाजतात, पेटी वाजते. हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. म्हणून त्यात काही विशेष आहे, असे आपल्याला वाटत नाही.

पण असेच गाणे घेऊन माणसे साता समुद्रापलीकडे गेली आहेत. ती माणसे श्रीमंत नव्हती. त्यांची बोली गावंढळ म्हणून हसणारे लोकही होते. तरी त्यांचे गाणे परक्या मुलखाने कान देऊन ऐकले. अशा दोन प्रवासांची हकीकत या पाठात वाचू या. एक आपल्या वऱ्हाडातली आहे, दुसरी दूर अमेरिकेतली.

यावली हे अमरावती जिल्ह्यातले गाव. तेथे १९०९ साली माणिक नावाचा मुलगा जन्मला. घरची गरिबी होती. शाळा थोडीच झाली. पण भजनाचा नाद भारी. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्याचे गुरू. हाच मुलगा पुढे तुकडोजी महाराज म्हणून सर्वांना ठाऊक झाला. लोक त्यांना राष्ट्रसंत म्हणू लागले.

महाराजांचे वाद्य कोणते? खंजिरी. लाकडाचे एक कडे, त्याच्या एका तोंडावर ताणून बसविलेले कातडे, आणि कडेला छोट्या झांजा. एका हातात मावणारे हे वाद्य. त्याला ना गादी लागते, ना गवसणी. गरिबाच्या घरातही ते खुंटीला टांगलेले असते. एवढ्याशा वाद्यावर महाराजांनी हजारो माणसे जागी केली. व्यसन सोडा, गाव झाडा, शिवाशिव टाका, हे त्यांनी भजनातून सांगितले. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. अमरावतीहून नागपूरच्या सडकेने निघाले, म्हणजे तिवसा तालुक्यात हे गाव लागते. १९४२ च्या चळवळीत इंग्रज सरकारने त्यांना पकडून तुरुंगात टाकले. भजनाला सरकार भ्याले, असेच म्हणावे लागेल.

मग १९५५ साल आले. जपान देशात विश्वधर्म आणि विश्वशांती परिषद भरली. तिचे बोलावणे तुकडोजी महाराजांना आले. जपान हा पूर्वेकडचा बेटांचा देश. आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजतात, तेव्हा तेथे दुपारचे बारा झालेले असतात. इतके ते दूर आहे.

त्या वेळी जपानची जखम ओली होती. दहाच वर्षांपूर्वी, ऑगस्ट १९४५ मध्ये, हिरोशिमा आणि नागासाकी या दोन शहरांवर अणुबाँब पडले होते. एकेका बाँबने शहर बेचिराख झाले. लाखावर माणसे मेली. अशा देशात शांतीची परिषद होती. तेथे वऱ्हाडचा हा संत खंजिरी घेऊन उभा राहिला आणि आपल्या पद्धतीने भजन गायला. परदेशी जायचे म्हणून त्यांनी दुसरे वाद्य धरले नाही.

येथे रात्रीच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "गुरुजी, जपानच्या लोकाइले आपली भाषा काय समजली असन?"

प्रश्न बरोबर आहे. शब्द समजले नसतील. पण गाण्यात शब्दांखेरीज आणखीही काही असते. ताल असतो. हाताची थाप ऐकली, की कोणत्याही देशाच्या माणसाचा पाय हलतो. चाल असते. दुःखाची चाल कोणती आणि आनंदाची कोणती, हे कानाला कळते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे गाणाऱ्याचा भाव. तान्ह्या लेकराला अंगाईचे शब्द कोठे कळतात? तरी ते शांत होते. तसेच हे आहे.

आता दुसरी हकीकत.

अमेरिकेत काळ्या लोकांना गुलाम करून ठेवीत असत. बैल विकावा तशी माणसे विकली जात. गुलामाला लिहायला-वाचायला शिकविणे हा कित्येक ठिकाणी गुन्हा होता. १८६५ साली तेथे कायद्याने गुलामगिरी बंद झाली. लगेच १८६६ साली नॅशव्हिल नावाच्या शहरात सुटलेल्या गुलामांसाठी फिस्क नावाची शाळा निघाली. म्हातारे आणि पोरे एका बाकावर बसून अक्षरे गिरवू लागली.

पण शाळेजवळ पैसा नव्हता. ती बंद पडायची वेळ आली. तेव्हा जॉर्ज व्हाइट या शिक्षकाने नऊ विद्यार्थ्यांचे एक गायन मंडळ तयार केले. आपले देवळात भजनी मंडळ असते, तसे ख्रिस्ती लोकांच्या चर्चमध्ये गायन मंडळ असते. तसेच हे होते. ऑक्टोबर १८७१ मध्ये ही मुले गावोगाव गाण्यास निघाली. बहुतेक सर्व जण गुलामगिरीतून सुटलेले होते.

प्रवासात हाल झाले. कातडी काळी म्हणून कित्येक खाणावळींनी दार लावून घेतले. पैसेही सुरुवातीला फार जमत नसत. तेवढ्यात शिकागो शहराला मोठी आग लागली. या मुलांजवळ पन्नास डॉलरही नव्हते. जे होते ते त्यांनी आगीत सापडलेल्या लोकांसाठी देऊन टाकले. स्वतःच्या पोटाची पंचाईत असताना दिले, हे लक्षात ठेवा.

आधी ही मुले गोऱ्या लोकांत चालणारी गाणी म्हणत. त्यांची स्वतःची गाणी वेगळीच होती. त्यांच्या आईबापांनी कापसाच्या शेतात राबताना देवाला आळविलेली ती गाणी. ती चारचौघांत म्हणायला मुलांना संकोच वाटे. गुलामीच्या दिवसांची ती आठवण होती ना! पण पुढे त्यांनी तीच गाणी म्हटली. सभा स्तब्ध झाल्या. लोकांचे डोळे पाणावले. मग लोक तीच गाणी मागू लागले.

१८७३ साली हे मंडळ इंग्लंडला गेले. राणी व्हिक्टोरियाने त्यांचे गाणे ऐकले. ज्यांना खाणावळीत जागा नव्हती, त्यांना राणीपुढे जागा मिळाली. गाण्याच्या मिळकतीतून शाळेसाठी मोठी इमारत बांधली. ती १८७६ साली उघडली आणि आजही उभी आहे. या मंडळींतले फ्रेडरिक लाउडिन नावाचे गायक पुढे आपला संच घेऊन जगभर फिरले. १८८४ ते १८९० अशा त्या फेरीत हा संच आपल्या देशातही येऊन गाऊन गेला.

१८७३ हे साल आपल्याही ध्यानात राहण्यासारखे आहे. त्याच साली महात्मा जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक निघाले. अमेरिकेतील गुलामांना सोडविणाऱ्या भल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केले. तिकडची मुले गाण्यातून माणुसकी मागत होती. इकडे जोतीराव तीच लेखणीतून मागत होते.

दोन्ही हकीकतींत सारखे काय आहे? महाराजांनी खंजिरी सोडली नाही. त्या मुलांनी आईबापांच्या गाण्याची लाज सोडली. दोघांनीही आपलाच आवाज जगापुढे नेला. आपल्याकडे मात्र तालुक्याच्या गावी गेले, की काही जण बोली लपवितात. "आमाले येत नाही" असे तोंडातून निघाले, तर जीभ चावतात. शुद्ध लिहायला जरूर शिकावे. पण म्हणून आईची बोली हलकी ठरत नाही. जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, पेरणीची गाणी ही आपली शिदोरी आहे.

आणि ही शिदोरी संपत चालली आहे. गावातली एखादी आजी जाते, तेव्हा तिच्याबरोबर शंभर ओव्या जातात. आजवर त्या उतरून घ्यायला घरात कोणाला अक्षर येत नव्हते. आता तुम्हाला येते. मग एक काम करा. एक जाड वही घ्या. पहिल्या पानावर गावाचे नाव लिहा. घरातल्या आजीला, आत्याला जवळ बसवा. त्या म्हणतील तसे, त्यांच्याच बोलीत, लिहून काढा. कोणी म्हटले आणि कोणत्या साली, तेही लिहा. अक्षर वाकडे आले तरी चालेल.

आणखी एक गोष्ट. भजनाच्या बैठकीत कोण बसते, हे एकदा नीट पाहा. एखाद्या वस्तीची माणसे ओसरीबाहेर उभी राहत असतील, बायांना मागे बसवीत असतील, तर आपले गाणे अजून वेशीबाहेरही गेले नाही, मग समुद्र तर लांबच. महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेत सर्व जाती-धर्मांची माणसे एका ओळीत बसत. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराज गेले. ती प्रार्थना मोझरीला आजही होते.

प्रश्न

१. खंजिरी कशी असते? दोन ओळींत लिहा.
२. फिस्क शाळेची मुले गाण्यास का निघाली?
३. आपली गाणी म्हणायला त्यांना संकोच का वाटत होता?
४. तुमच्या घरातील सर्वांत वडील बाईकडून एक ओवी ऐका आणि वहीत उतरवा. पुढच्या वर्गात ती सर्वांना वाचून दाखवा.