पाहणारा आणि वेचणारा : वृक्षविषयक मराठी गद्याचा अभ्यास

वृक्षांविषयीची पुस्तके वाचताना आपण सहसा वृक्षाची माहिती शोधतो. साहित्याच्या अभ्यासकाने त्याआधी एक प्रश्न विचारावा : लिहिणारा झाडापासून किती अंतरावर उभा आहे? या पाठात काही परिचित पुस्तके आणि नंदुरबार जिल्ह्यातील एक परिचित झाड यांच्या आधारे आपण या प्रश्नाचा विचार करू.

तीन लेखक, तीन नाती

दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावर एकेक लेख, अशी त्याची मांडणी आहे. येथे झाड काळाच्या प्रवाहात दिसते; पालवी, मोहर, पानगळ ही त्याची अवस्थांतरे लेखिका बारकाईने टिपते. दुर्गाबाई लोकसाहित्याच्या आणि संस्कृतच्या व्यासंगी अभ्यासक होत्या. त्यामुळे त्यांची नजर केवळ सौंदर्यासक्त राहत नाही, तिला स्मृतीची जोड मिळते. तरीही ही नजर पाहणाऱ्याची आहे.

डॉ. शरदिनी डहाणूकर यांच्या 'वृक्षगान' आणि 'फुलवा' या पुस्तकांत वैद्यकाच्या अभ्यासकाची जिज्ञासा ललित शैलीशी एकजीव झालेली आढळते. मारुती चितमपल्ली यांचे स्थान याहून वेगळे आहे. वनाधिकारी म्हणून त्यांचे आयुष्य अरण्यात गेले आणि वनवासी माणसांकडून ऐकलेले शब्द व समजुती त्यांनी मराठीत आणल्या. 'शब्दांचं धन' हे त्यांच्या एका पुस्तकाचे नावच त्या देण्याघेण्याची साक्ष देते. मात्र हे शब्द ज्यांच्या तोंडी होते, ते स्वतः लेखक नव्हते, ही गोष्ट वाचताना नजरेआड करू नये.

मोहाचे झाड

आता सातपुड्याकडे वळू. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत मोहाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. उन्हाळ्याच्या सुरुवातीस पाने गळून गेल्यावर फांद्यांच्या टोकांशी फुलांचे झुबके येतात. मांसल, फिकट पिवळसर पाकळ्यांचे हे गोंडे रात्री उमलून पहाटेपर्यंत झाडाखाली गळून पडतात. उन्हे चढण्यापूर्वी ती वेचायची, वाळवायची आणि साठवायची. पुढे फळे येतात, त्यांच्या बियांपासून तेल काढतात. आपल्यापैकी काहींनी हे काम स्वतः केले असेल. अशा वाचकाला वसंताचे वर्णन वाचताना कंबरेतील कळ आठवली, तर ती वाचनातील उणीव नव्हे.

फूल नीट दिसावे म्हणून झाडाखालचा पाचोळा काही ठिकाणी जाळतात. त्यातून वणवा भडकण्याची भीती असते. म्हणून वेचणाऱ्याचे झाडाशी असलेले नाते सदैव निर्मळच असते, असेही मानू नये.

याच झाडाकडे सरकारी दप्तराने तिसऱ्याच नजरेने पाहिले. मोहफुलांपासून दारू होते, म्हणून मुंबई सरकारने १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा केला. भुकेच्या दिवसांतील अन्न कागदावर अबकारीचा विषय झाले. कायद्याची भाषा हेही वृक्षविषयक गद्यच आहे, फक्त ते आपल्या अभ्यासक्रमात नसते.

जे लिहिले गेले नाही

सरदार सरोवर प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रात महाराष्ट्रातील ३३ गावे आली. ती सर्व आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील आहेत. त्यांतील अनेक कुटुंबांना तळोदा-शहाद्याच्या सपाट भागात वसवण्यात आले. जमिनीच्या बदल्यात जमीन मोजून देता येते, पण कोणत्या ओहोळाकाठचे झाड आधी फुलते, कोणत्या झाडाची फुले कोणत्या घराने वेचायची, हे ज्ञान त्या जागेशी बांधलेले असते. ते भिलोरी, पावरी अशा बोलींमध्ये मुखोद्गत आहे. जागा गेली की ते सांगण्याचे निमित्तच उरत नाही.

मौखिक ज्ञान पुस्तकात येऊ शकते, याचे उदाहरण खानदेशातच आहे. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या-कविता घरातल्यांनी टिपून ठेवल्या, म्हणून १९५२ मध्ये त्यांचा संग्रह वाचकांहाती आला. त्यात शेतकरीण स्वतः बोलते, तिच्याविषयी दुसरे कोणी बोलत नाही. शिवाय तिची बोलीही प्रमाण मराठीत रूपांतरित केलेली नाही. माझ्या मते वृक्षविषयक गद्यालाही अशा लेखनिकांची गरज आहे, आणि हे काम दूरशिक्षण घेणारा, गावातच राहणारा विद्यार्थी शहरातील अभ्यासकापेक्षा अधिक नेमकेपणाने करू शकेल.

स्वाध्याय

आपल्या परिसरातील एका झाडाविषयी घरातील अथवा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीशी बोला. त्यांनी वापरलेली झाडाची, फळाफुलांची आणि कामाची नावे त्यांच्याच बोलीत, उच्चार न बदलता लिहून घ्या. त्यानंतर 'ऋतुचक्र'मधील कोणताही एक लेख वाचा आणि दोन्हींतील निवेदकाचे झाडापासूनचे अंतर सुमारे ३०० शब्दांत स्पष्ट करा. ज्या शब्दाला प्रमाण मराठीत पर्याय सापडणार नाही, तो तसाच ठेवा.