पुकाऱ्याला ‘हजर’ म्हणायचं राहिलं

बेगडेवाडीहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल धरली की घोरावाडी, मग तळेगाव आणि तिसरं स्टेशन वडगाव. आमच्या मावळ तालुक्याचं कोर्ट तिथं आहे. ही तीन स्टेशनं मी आठ महिने ओलांडली नाहीत. तेवढ्यात माझी लेक कुठं राहणार आणि तिच्यासाठी मी दरमहा किती द्यायचे, हे ठरून गेलं. त्या आदेशात माझं नाव सात-आठ वेळा आलंय. माझं म्हणणं एकदाही आलेलं नाही.

हे लिहायला बसलो, कारण गेल्या वर्षभरात कंपनीतल्या दोघांनी मला कँटीनबाहेर गाठून एकच प्रश्न विचारला: “समन्स घेतलंच नाही तर केस उभी राहत नाही ना?” मीही हाच प्रश्न एका जाणत्या म्हणवणाऱ्या माणसाला विचारला होता. त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, “नाही राहत. आणि राहिली तरी पहिल्या तीन-चार तारखांना काही होत नसतं.” मी ते खरं धरलं.

दिवाळीनंतर आमचं बिनसलं आणि बायको लेकीला घेऊन माहेरी गेली, कामशेतच्या पलीकडे. लेक तेव्हा साडेचार वर्षांची. भांडण कशावरून झालं, कोण किती चुकलं हे इथं लिहिणार नाही. त्यात तिचीही बाजू आहे आणि ती मांडायला ती इथं नाही.

संक्रांतीच्या आसपास तिनं कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली वडगावला अर्ज केला. हवालदार नोटीस घेऊन आले तेव्हा मी पहिल्या पाळीला गेलेलो. आईनं सांगितलं, “तो इथं नसतो.” असं सांग म्हणून मीच तिला बजावून ठेवलं होतं. नंतर रजिस्टर्ड पोस्टानं पाकीट आलं. पोस्टमन ओळखीचा. त्यानं पाकीट पुढं केलं, मी हात मागे घेतला. “घेण्यास नकार” असा शेरा मारून तो निघून गेला आणि त्या रात्री मला आपण काहीतरी जिंकल्यासारखं वाटलं.

माझ्या मनात काय होतं ते नीट सांगतो, कारण ते अनेकांच्या मनात असतं. कोर्टाची पायरी चढलो म्हणजे फारकतीला कबूल झालो, असं मला वाटत होतं. जोवर जात नाही तोवर संसार मोडलेला नाही. लोक अशा माणसाला मग्रूर म्हणतात. माझ्यापुरतं सांगतो, ती भीती होती.

कोर्टाला ती भीती दिसत नाही. त्याला पाकिटावरचा शेरा दिसतो. नाकारलेलं पाकीट हे पोचलेलं पाकीट धरलं जातं. दिवाणी प्रकरणात बेलीफ घरातल्या सज्ञान माणसाच्या हाती समन्स देऊ शकतो, नकार मिळाला तर दाराला चिकटवू शकतो, आणि माणूस सापडतच नसेल तर कोर्टाच्या परवानगीनं ते पेपरात छापता येतं. मग तारखेला पुकारा होतो. कोणी ‘हजर’ म्हणत नाही. रोजनाम्यात ‘सामनेवाला गैरहजर’ अशी नोंद पडते आणि प्रकरण एकतर्फी पुढं सरकतं. २००५ च्या या कायद्याचं कलम २३ तर असं आहे की, प्रथमदर्शनी गरज दिसली तर अर्जदाराच्या प्रतिज्ञापत्रावरच न्यायाधीश तात्पुरता एकतर्फी आदेश देऊ शकतात. आज मला त्यात काही गैर वाटत नाही. पोराला घेऊन घराबाहेर पडलेल्या बाईनं नवऱ्याच्या सवडीची वाट किती दिवस पाहायची?

एप्रिलमध्ये अंतरिम आदेश झाला. लेकीचा तात्पुरता ताबा आईकडे आणि दोघींच्या खर्चासाठी दरमहा ९,००० रुपये, अर्जाच्या तारखेपासून. मला हे कळलं ऑगस्टमध्ये, वसुलीचं वॉरंट दारात आल्यावर. जानेवारी ते ऑगस्ट, आठ महिन्यांचे ७२,०००. माझ्या हातात तेव्हा महिन्याला २७,००० पडत होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली, एक वकीलबाई गाठल्या आणि आदेशाची नक्कल काढली. कोर्टाच्या आवारात उभ्यानं वाचली. वाचताना आधी राग आला तो आकड्यावर. बायकोनं माझं उत्पन्न ४५,००० लिहिलं होतं. खोटारडी, असं तोंडातून निघणारच होतं. मग आठवलं की आदल्या वर्षी दिवाळीच्या आधी सलग ओव्हरटाइम होता, तेव्हा दोन महिने तेवढे पैसे खरंच घरी आले होते आणि तिच्याच हातात दिले होते. तिला आठवत होतं ते तिनं लिहिलं. माझी पगारपत्रकं, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, आईची औषधं, यातलं काहीही कोर्टापुढं नव्हतं. ते मी नेऊन द्यायचं होतं.

मग मी भेटीबद्दल शोधू लागलो. सगळी पानं दोनदा चाळली. बापानं मुलीला कधी, कुठं भेटायचं याबद्दल एक ओळ नव्हती. भेटू नये असंही कुठं नव्हतं. मी सासरी फोन केला की पलीकडून “कोर्टाचा ऑर्डर आहे” एवढंच ऐकू यायचं, आणि मी तो न वाचताच मान्य करत होतो. वकीलबाईंना विचारलं, भेटीचं का नाही लिहिलं? त्या म्हणाल्या, “तुम्ही मागितलंत कुठं?” तात्पुरता ताबा देताना दुसऱ्या पालकाच्या भेटीची व्यवस्था ठरवण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. पण तो विषय काढायला कोणी उभंच नव्हतं. माझ्याकडून लेक कोणी हिरावली नव्हती. मी मागायला गेलो नव्हतो.

आम्ही अर्ज दिला की एकतर्फी आदेश बाजूला ठेवून मला म्हणणं मांडू द्यावं. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, “पत्ता तोच आहे, आई घरात होत्या, नोकरी तीच आहे. मग समन्स मिळालं नाही म्हणजे काय?” मी खोटं बोललो नाही. घ्यायला घाबरलो, असं सांगितलं. थकबाकीतली निम्मी रक्कम भरायची आणि तिच्या येण्याजाण्याचा खर्च द्यायचा, या अटींवर मला संधी मिळाली. पगारपत्रकं पाहून पुढं रक्कम ७,५०० झाली. ताबा मात्र तसाच राहिला, आणि का राहिला ते नीट सांगायला हवं.

आदेश झाला तेव्हा लेकीला पाच पूर्ण व्हायला महिना होता. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा म्हणतो की पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातल्या रोक्झॅन शर्मा प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं; तिथंही वाद अंतरिम ताब्याचाच होता, आणि मडगावच्या न्यायालयानं आईच्या बाजूनं दिलेला आदेश उच्च न्यायालयात फिरल्यावर सर्वोच्च न्यायालयानं तो परत उभा केला. तेव्हा मी पहिल्या तारखेला गेलो असतो तरी लेक आईकडेच राहिली असती, हे मला मान्य आहे. पण भेटी पहिल्या महिन्यापासून सुरू झाल्या असत्या. मी पोचेपर्यंत जून उलटून गेला होता. लेक तिकडच्या बालवाडीत मोठ्या गटात बसत होती, तिथल्या बाई तिला आवडत होत्या, शेजारच्या दोन मुलींशी गट्टी जमली होती. बसलेली घडी न्यायाधीश उगाच मोडत नाहीत, मोडूही नये. कागदावर आदेश ‘तात्पुरता’ असतो. पाच वर्षांच्या पोरीला आठ महिने म्हणजे काय, ते मला पहिल्या भेटीत समजलं.

पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी अकरा ते एक, कोर्टाच्या आवारात, असं ठरलं होतं. ती आजोबांचं बोट धरून आली. आमच्या घरी ती मला “ए बाबा” म्हणायची. “तू लवकर ये”, “तू माझा डबा खाल्लास” असं सगळं तू-तू चालायचं. आई तिला रागवायची, मला गोड वाटायचं. त्या दिवशी तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही पाणी आणलंय का?” कोणी शिकवलं नव्हतं तिला. परक्या माणसाशी बोलावं तशी ती बोलली. मी बाटली दिली. तिनं पाणी पिऊन झाकण नीट घट्ट लावून परत केली.

आता ज्यांच्या दारात असं पाकीट आलंय त्यांच्यासाठी.

पाकीट घ्या. घेणं म्हणजे आतल्या मजकुराला कबुली नव्हे. त्यातली तारीख, कोर्ट आणि प्रकरणाचा क्रमांक आधी पाहा. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो मोबाइलमधल्या ई-कोर्ट्स सर्व्हिसेस अॅपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि आजवर काय झालं ते दिसतं. मी जे आठ महिने अंधारात काढले, ते या एका गोष्टीनं टळले असते. नोकरी किंवा घर बदललं तर नवा पत्ता कोर्टात लेखी द्या.

पहिल्या तारखेला स्वतः जा. वकील ठरला नसेल तरी जा आणि मुदतीचा अर्ज द्या. कागदांत मूळ अर्जाबरोबर अंतरिम मागणीचा वेगळा अर्ज असतो, बहुतेक वेळा निशाणी ५. ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, आधी त्याच्यावर द्यायचा असतो. पुष्कळ जण मूळ अर्जाच्या कैफियतीची तयारी करत बसतात आणि इकडे निशाणी ५ वर ‘विना म्हणणे’ आदेश होऊन जातो. त्या म्हणण्यातच भेटीची मागणी स्पष्ट लिहा: कोणता वार, किती वेळ, कुठं, फोनवर कधी बोलायचं, सुट्टीत काय. दुसऱ्या बाजूवर चिखल उडवणारी पानं त्यात घालू नका. माझ्या पहिल्या मसुद्यातली तसली तीन पानं वकीलबाईंनी काढून टाकली, आणि आज मी त्यांचा ऋणी आहे.

पोटगीचं प्रकरण असेल तर उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र दोन्ही बाजूंनी द्यावंच लागतं. हा नियम आला तो आपल्याच नागपूरच्या एका प्रकरणातून, रजनेश विरुद्ध नेहा. त्यात पत्नीनं २०१३ मध्ये अर्ज केला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये कौटुंबिक न्यायालयानं तिला दरमहा १५,००० आणि लहान मुलाला आधी ५,००० व पुढं १०,००० अशी अंतरिम पोटगी ठरवली. त्यावरचा वाद चालत चालत सर्वोच्च न्यायालयात ४ नोव्हेंबर २०२० ला निकाली निघाला. अंतरिम रकमेसाठी सात वर्षं! म्हणूनच त्या निकालात सांगितलंय की सामनेवाल्यानं चार आठवड्यांत प्रतिज्ञापत्रासह उत्तर द्यावं, त्यासाठी दोनपेक्षा जास्त संधी देऊ नयेत आणि टाळाटाळ दिसली तर न्यायालय त्याचा बचावच काढून टाकू शकतं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हेही त्यातच आहे. तारखा लांबवून पैसे वाचतात, हा समज त्या दिवशी संपला.

एकतर्फी आदेश झालाच असेल तर दिवस मोजा. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १२५ च्या, म्हणजे १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेतल्या कलम १४४ च्या पोटगी प्रकरणात एकतर्फी आदेश रद्द करून घ्यायला तीन महिने मिळतात, तेही सबळ कारण दाखवलं तर. दिवाणी हुकूमनाम्याला तीस दिवस. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील आहे. तोवर रक्कम भरत राहा, आणि शक्यतो बँकेतून, म्हणजे पुरावा राहतो. थकबाकीसाठी तुरुंग होऊ शकतो आणि तुरुंग भोगला म्हणून देणं फिटत नाही.

वकिलाचे पैसे नाहीत ही सबब मीही दिली होती. वडगावला तालुका विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या कायद्यानं स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्याच कायद्यातल्या यादीत औद्योगिक कामगारही आहे, हे मला पैसे मोजून झाल्यावर कळलं. १५१०० या क्रमांकावर विचारा.

जी बाजू कोर्टात गेलीय तिच्यासाठीही दोन शब्द, कारण माझ्या आत्तेबहिणीचं माझ्या उलट झालं. तिचा नवरा फिरकलाच नाही. एकतर्फी आदेश मिळाला, घरात पेढे वाटले. पण समन्सवर पत्ता होता त्यानं दोन वर्षांपूर्वी सोडलेल्या खोलीचा. तो नंतर उगवला, समन्स मिळालंच नाही हे त्यानं सिद्ध केलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. पत्ता ताजा द्या, माहीत असेल तर नोकरीचं ठिकाणही द्या. आदेश हातात आला म्हणजे पैसे खात्यात आले असंही नव्हे. वसुलीचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि कलम १४४ खालची थकबाकी देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत मागावी लागते. समोरचा गैरहजर असला तरी त्याच्या मुलाशी भेटीची एखादी वाट तुमच्याच अर्जात सुचवा. लेकीच्या आईनं तेव्हा तसं केलं असतं तर, असं मला कधीकधी वाटतं. आणि लगेच वाटतं की ते माझं काम होतं.

आता भेटी कोर्टाच्या आवारात होत नाहीत. शनिवारी मी लेकीला कामशेत स्टेशनवर घेतो आणि संध्याकाळी तिथंच सोडतो. ‘तुम्ही’ अजून पूर्ण गेलेलं नाही. खेळात रमली की ‘तू’ येतं, मग तिचं तिलाच आठवतं आणि ती थांबते.

महाशिवरात्रीला घोरावडेश्वराच्या डोंगरावर मी तिला खांद्यावर घेऊन चढायचो. यंदा तो दिवस शनिवारी येत नाही, म्हणून त्या एका दिवसासाठी वेगळा अर्ज दिलाय. येत्या मंगळवारी तारीख आहे, तिच्या आईचा ‘से’ अजून यायचाय. मी पाळी बदलून घेतलीय. कोर्ट अकराला बसतं, मी सकाळच्याच लोकलनं जाणार आहे.