दहा मिनिटांची अवकाशयात्रा

चेंडू जोराने वर फेकला तर काय होते? तो वर जातो आणि परत खाली येतो. माणसेसुद्धा अशीच अवकाशात जाऊन आली आहेत. त्याची माहिती मी देत आहे.

२० जुलै २०२१ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यातून 'न्यू शेपर्ड' नावाचे रॉकेट उडाले. ते सरकारचे नव्हते, 'ब्लू ओरिजिन' या खाजगी कंपनीचे होते. त्यात चार प्रवासी होते. कंपनीचे मालक जेफ बेझोस, त्यांचे भाऊ मार्क, ८२ वर्षांच्या वॉली फंक आजी आणि १८ वर्षांचा ऑलिव्हर डेमन. ऑलिव्हरची जागा पैसे भरून घेतली होती. आपण एस.टी.चे तिकीट काढतो ना, तसेच! पण एस.टी.ला ड्रायव्हर असतो. इथे ड्रायव्हरच नव्हता. सगळे यंत्रानेच चालले.

जुळे सोलापूरहून पंढरपूर सुमारे ७५ किलोमीटर आहे. हे प्रवासी सुमारे १०७ किलोमीटर गेले, तेही सरळ वर! १०० किलोमीटर उंचीवर अवकाश सुरू होते असे मानतात. इंजिन दोन-अडीच मिनिटेच चालले. मग प्रवाशांची खोली रॉकेटपासून सुटली. रॉकेट परत येऊन जमिनीवर उभेच्या उभे उतरले. खोली तीन पॅराशूटांनी खाली आली. सगळा प्रवास दहा मिनिटांचा.

वर प्रवासी तीन-चार मिनिटे तरंगत होते. तिथे गुरुत्वाकर्षण नसते का? असते. एक प्रयोग करा. बाटलीला खाली भोक पाडा व पाणी भरा. धार लागेल. आता बाटली उंचावरून सोडून द्या. पडताना धार थांबते! कारण बाटली आणि पाणी बरोबरच पडतात. तसेच प्रवासी आणि त्यांची खोली बरोबरच पडत होती.

मग ते वरच का राहिले नाहीत? पृथ्वीभोवती फिरत राहायला ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेग लागतो. या रॉकेटचा वेग त्याच्या सातवा हिस्सासुद्धा नव्हता. १९८४ साली राकेश शर्मा गेले, ते मात्र पृथ्वीभोवती फिरत जवळजवळ आठ दिवस राहिले.

फंक आजी विमान चालवत असत. १९६१ मध्ये त्या अवकाशवीरांसारख्या कठीण चाचण्या पास झाल्या होत्या. पण तेव्हा अमेरिका बायकांना अवकाशात पाठवत नव्हती. म्हणून त्यांना ६० वर्षे थांबावे लागले.

हे रॉकेट बनवणाऱ्या इंजिनीयरांमध्ये आपल्या कल्याणची संजल गावंडे होती. तिने मुंबई विद्यापीठातून मेकॅनिकल, म्हणजे यंत्रांचे, शिक्षण घेतले. मग ती अमेरिकेत शिकली. मुलगी असून मेकॅनिकल कशाला, असे तेव्हा लोक विचारायचे.

आमच्याकडे सायकलची चेन पडली की मुलांनाच हाक मारतात. चेन मलाही बसवता येते. पालकांनो, यापुढे आम्हा मुलींनाही हाक मारा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी